पागेतील अंथरूण



चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा आम्ही ‘पागेतील अंथरूण’ असे सांगितले. आपल्याला नीट ऐकू आले नसावे असे वाटून त्यांनी तो पुन्हा विचारला. इतिहासावर बोलायचे म्हणजे लढाया आहेत, तह आहेत, राज्याभिषेक आहेत. आणि मजूर-चळवळीतल्या माणसाने बोलायचे म्हणजे संप आहेत, टाळेबंद्या आहेत. या दोहोंच्या मध्ये गाभण घोडीच्या अंगाखाली पसरलेले गवत कोठून आले, असा प्रश्न त्यांना पडला असेल तर त्यात त्यांचा दोष नाही.

शिवाय वर्धा जिल्हा हा काही घोड्यांचा मुलूख नव्हे. आमचे भूषण गवळाऊ बैल. आर्वी-कारंज्याच्या रानात वाढलेला, पांढरा, सडपातळ, दमाने पळणारा. घोडा येथे पाहुणा म्हणून आला. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर आला, पेंढाऱ्यांच्या टोळ्यांबरोबर आला, इंग्रज साहेबाबरोबर आला, शेवटी टांग्याला जुंपला गेला आणि ऑटोरिक्षा आल्यावर निघून गेला. तरीही हा विषय आम्ही धरला, याचे कारण आमच्या लहानपणात आहे.

आमच्या वस्तीच्या टोकाला एक टांगेवाले राहत. सारी वस्ती त्यांना चाचा म्हणे. त्यांची घोडी गाभण होती. दिवस भरत आले तसा त्यांनी टांगा बंद ठेवला आणि घरापुढची पडवी रिकामी केली. जमीन खरवडली, चुना मारला, दोन दिवस ऊन खाऊ दिले. मग एका शेतकऱ्याकडून गव्हांडा आणला. तो वाहून आणायला आम्ही पोरे होतो. एक अख्खा भारा त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत बाहेर फेकायला लावला. आम्हांला वाईट वाटले, कारण तो आम्हीच डोक्यावरून आणला होता. चाचा म्हणाले, “पहिले नाकाले लाव, मंग टाक.” आम्ही नाकाला लावला. त्याला कुबट वास येत होता.

घोडी रात्री व्याली. सकाळी आम्ही गेलो तेव्हा शिंगरू चार काटक्यांवर उभे राहिल्यासारखे उभे होते. खाली वीतभर जाड, सोनेरी, कोरडा गव्हांडा. आणि दाराशी चाचा झोपले होते, एका बारदानावर. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आम्ही शाळेत नुकतीच शिकलो होतो. ज्याने अंथरूण घातले त्याला पाय पसरायला जागा नाही, हे दृश्य म्हणीत बसेना. पुढे शाळा सुटली, गिरणी-जिनिंगच्या दारांवरचे काम अंगावर आले, आणि जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर रात्री वाचले. पण कोणतेही इतिहासाचे पुस्तक उघडले की आम्ही हेच शोधत आलो : घोड्याचे अंथरूण कोण घालत होता, आणि तो स्वतः कशावर निजत होता?

आधी चाचांनी जे केले त्यात शास्त्र किती होते ते पाहू. घोडी सुमारे ११ महिने गाभण असते. विण्याआधी दोन ते चार आठवडे कास भरू लागते, आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकांशी मेणासारखे थेंब जमतात. बहुतेक घोड्या रात्रीच, सारी वर्दळ थांबल्यावर वितात. प्रत्यक्ष विणे बहुधा अर्ध्या तासात आटोपते. शिंगराने तासाभरात उभे राहावे, दोन तासांत कासेला लागावे आणि तीन तासांत घोडीचा जार पडावा, असा पशुवैद्यांचा ढोबळ हिशेब आहे. या तीन तासांत त्या जिवाचे सारे जग म्हणजे त्याच्या खालचे अंथरूण.

आता त्यातली मेख अशी. माणसाच्या मुलाला रोगाशी झुंजण्याची काही शिदोरी आईच्या पोटातच मिळते. शिंगराला ती मिळत नाही. ती मिळते आईच्या चिकातून, आणि ती शोषून घेण्याची त्याच्या आतड्यांची ताकद साधारण पहिल्या दिवसापुरतीच असते. इकडे नाळ तुटून बेंबी उघडी असते. अंथरूण ओले, कुजके असेल तर त्यातले जंतू बेंबीवाटे रक्तात जातात, रक्तातून सांध्यांत उतरतात, सांधे सुजतात आणि शिंगरू जन्माचे लंगडे होते किंवा मरते. म्हणून आज बेंबीला जंतुनाशक लावतात. पण जे औषधाने करायचे त्यातले अर्धे काम अंथरुणानेच होते.

म्हणून विणाऱ्या घोडीचे ठाण प्रशस्त असावे लागते. साधारण १४ फूट लांब आणि तितकेच रुंद असले म्हणजे तिला वळता आणि लोळता येते. जुने अंथरूण कोपऱ्यांसकट उपसावे, जमीन धुवावी, जंतुनाशक मारावे आणि पुरती वाळू द्यावी. मग लांब काड्यांचा, स्वच्छ, कोरडा गव्हांडा वीतभर किंवा त्याहून जाड पसरावा. भिंतींकडे तो बांधासारखा उंच चढवावा, म्हणजे घोडी लोळताना तिचे पाय भिंतीला अडकत नाहीत. लाकडाचा भुसा स्वस्त आणि शोषक असला तरी या कामाला बरा नव्हे. तो ओल्या शिंगराच्या अंगाला, नाकपुड्यांना आणि घोडीच्या जननमार्गाला चिकटतो. तुरी-हरभऱ्याच्या कुटाराची धूळ उडते. ज्वारीचा कडबा टणक, आणि घोडी तो खाऊन टाकते. गव्हाच्या काडीइतके सोयीचे अंथरूण आमच्या भागात दुसरे नाही.

घोडीला या जागी महिनाभर आधी आणून ठेवणे उत्तम. त्या जागेच्या जंतूंशी तिची ओळख होते आणि त्यांच्याविरुद्धची शस्त्रे तिच्या चिकात तयार होतात. रोज सकाळ-संध्याकाळ लीद उचलायची, ओला भाग काढायचा आणि वर कोरडे पसरायचे. मुताचा उग्र वास जमिनीलगत सर्वांत दाट असतो. उभ्या माणसाच्या नाकाला तो फारसा जाणवत नाही. शिंगराचे नाक मात्र तेथेच असते. म्हणून जाणता माणूस ठाण तपासताना गुडघ्यांवर बसतो आणि शिंगराच्या उंचीवरून श्वास घेतो. चाचांनी फेकलेल्या भाऱ्यात बुरशी होती. बुरशीची धूळ घोड्याच्या फुप्फुसाला बाधते आणि गाभण घोडीला तर तिचा अधिकच धोका असतो. जंतूंचे शास्त्र चाचांना ठाऊक नव्हते. त्यांचे नाक त्यांना ठाऊक होते. असे नाक एका दिवसात तयार होत नाही. ते पिढ्यांच्या कामातून तयार होते, आणि या कामाचा इतिहास तोच आमचा विषय.

सर्वांत जुना आणि नेमका दाखला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. हा ग्रंथ दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा. तो काळाच्या पोटात गडप झाला होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली तो छापून काढला, आणि पुढे १९६० पासून प्राध्यापक रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केली. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचे प्रकरण आहे. पागा घोड्याच्या लांबीच्या दुप्पट रुंद असावी, प्रत्येक घोड्याला स्वतंत्र चौकोनी ठाण असावे, खाली गुळगुळीत फळ्यांचे आस्तरण असावे, लीद-मूत्र वाहून जाण्यास वाट असावी, आणि घोड्या, वळू व शिंगरे यांना निरनिराळ्या टोकांना ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. व्यालेल्या घोडीला तीन दिवस एक प्रस्थ तूप पाजावे, नंतर दहा दिवस एक प्रस्थ सातू आणि औषधी स्नेह द्यावा, हेही आहे.

मजूर-चळवळीतला माणूस हे प्रकरण वाचू लागला की तुपापाशी थांबत नाही. तो चाकरांच्या यादीशी जातो. ती यादी तेथे आहे. घोडा बांधणारा, गवत आणणारा, दाणा शिजवणारा, केस कापणारा, विषवैद्य आणि ‘स्थानपाल’ म्हणजे ठाणाची राखण करणारा. आमच्या चाचांचा हा सर्वांत जुना पूर्वज. त्याच्यापुढे लगेच लिहिले आहे की कामात कसूर झाल्यास यांचा एक दिवसाचा रोज कापावा. त्याच प्रकरणात दुसरा नियम आहे : वैद्याने कामावरून थांबवलेल्या घोड्याला जो कामाला लावील त्याला १२ पणांचा दंड. म्हणजे आजारपणाची रजा या देशात दोन हजार वर्षांपासून आहे. ती घोड्याला होती. स्थानपाल आजारी पडला तर काय, हे त्या प्रकरणात नाही.

त्याहूनही काहीसा आधी, ग्रीस देशात झेनोफन नावाच्या सेनानीने घोड्यांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. ओलसर आणि गुळगुळीत जमीन चांगल्या खुरांचीही नासाडी करते. म्हणून जमीन उतरती असावी आणि तीत खुराएवढे दगड बसवावेत, असे तो सांगतो. एकाने फळ्या सांगितल्या, दुसऱ्याने दगड. पण ओल हा शत्रू आहे, हे दोघांनीही ओळखले होते.

मोगलांच्या काळी अबुल फझलने ‘आईने अकबरी’त बादशाही पागेची मांडणी लिहून ठेवली. तेथे वरपासून खालपर्यंत अधिकारी आणि चाकर क्रमाने येतात : अत्बेगी, दारोगा, हिशेबनीस, घोड्यांचा वैद्य, सईस, नालबंद, पाणक्या. यादीच्या अगदी शेवटाशी खाकरोब येतो, म्हणजे झाडणारा. घोडा मेला तर दंड कसा वसूल करायचा, तेही लिहिले आहे, आणि त्यात सईसाच्या पगाराचा चौथा हिस्सा जातो. दरबारातल्या घोड्याची किंमत मोहरांत, सईसाची कमाई दामांत. पण जबाबदारीत दोघांना एकाच दोरीने बांधले होते.

आता आपल्या घरी येऊ. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. बारगिराचा घोडा सरकारचा असे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. आजच्या भाषेत बोलायचे तर बारगिराचे हत्यार मालकाचे आणि शिलेदाराचे हत्यार स्वतःचे. पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा हिशेबात आले. ठाण झाडणारा मोतद्दार मात्र त्या ओळीत नाही.

पण त्याच काळचा एक कागद असा आहे की तो वाचताना आमचा ऊर भरून येतो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ पागा पावसाळ्यासाठी छावणीला होती. तेथल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये म्हणणारे म्हणून आपण ते ओळखतो. परंतु ते मुळात गवताचे पत्र आहे, हे आपण विसरतो. त्याचा आशय असा : दाणा आणि वैरण जपून वापरा. आताच उधळलीत तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्याकडून दाणे आणाल, गवत आणाल, लाकूड आणाल. तो बिचारा गाव सोडून पळेल, आणि मोगलांपेक्षा तुम्ही अधिक, असे म्हणेल. याच पत्रात पुढे आगीची भीती आहे. कोणी भलत्याच जागी चूल पेटवील, कोणी वारा न पाहता तंबाखू ओढील, रात्री जळता दिवा राहिला तर उंदीर वात ओढून नेईल. एक गवताची गंज पेटली की सारे खण जळतील आणि पागाच बुडेल.

राजाने उंदराचा विचार केला, हे या पत्राचे मोठेपण लोक सांगतात आणि ते खरेच आहे. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. येथे नुसता हुकूम नाही, हुकमाचे कारण सांगितले आहे. ज्याच्या हातून काम करून घ्यायचे त्याला ते का करायचे हे समजावून सांगणे, ही त्याच्या बुद्धीला दिलेली मानवंदना असते. आणि दुसरे असे की घोड्याच्या तोंडातला आणि अंगाखालचा घास कोणाच्या शेतातून आला, याचा हिशेब राजाने ठेवला. ज्या राज्यात हा हिशेब राहतो त्या राज्याची पागा टिकते.

आमच्या वर्धेच्या काठी पुढे उलटे दिवस आले. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदी भोसल्यांच्या राज्याची सीमा ठरली. नदीपलीकडचे वऱ्हाड निजामाकडे गेले. पेंढाऱ्यांच्या टोळ्या या पट्ट्यातून फिरत. त्यांच्या घोड्यांना ठाण नव्हते, अंथरूण नव्हते. त्यांची पागा म्हणजे कुणाचे तरी उभे पीक. तसे दक्षिणेतल्या स्वारीच्या घोड्यांना छप्पर क्वचितच मिळे. अगाडी-पिछाडी बांधून ते उघड्या माळावर उभे राहत. आजही भीमेच्या खोऱ्यातले धनगर आपल्या भीमथडी तट्टांवर बिऱ्हाड लादून चालतात, आणि त्यांच्या घोड्या वाटेवरच्या माळावर वितात. वाळल्या गवताचा मोकळा माळ हे निसर्गाचे अंथरूण आहे, आणि ते चांगलेही आहे. रोग माजतो तो कोंदट ठाणात, जेथे जनावर एकाच जागी खाते, मुतते आणि विते. अंथरुणाची निगा ही बंदिस्तपणाबरोबर आलेली जबाबदारी आहे. ज्याला आपण बांधून ठेवले त्याच्या अंगाखालचे पाहणे हे बांधणाऱ्याचे कर्तव्य ठरते. हे वाक्य घोड्यापुरते समजू नका.

१८५३ च्या अखेरीस तिसरे रघुजी भोसले वारले आणि लगोलग नागपूरचे राज्य खालसा झाले. इतिहासात त्या घटनेपुढे गादी, दत्तक आणि जवाहिरांचा लिलाव यांची वर्णने येतात. भोसल्यांची फौज मोडली तेव्हा तिच्याबरोबर मोतद्दार आणि नालबंद यांचाही रोज बुडाला. ही एका उद्योगाची टाळेबंदी होती. पण तिला ते नाव कोणी दिले नाही.

इंग्रजी घोडदळात एकेका घोड्यामागे एक सईस आणि एक गवत आणणारा माणूस ठेवण्याची रीत होती. हा दुसरा माणूस खुरप्याने हरळी मुळासकट खरवडी, झटकून धुई आणि डोक्यावर वाहून आणी. साहेबांच्या आठवणींच्या पुस्तकांत घोड्यांची नावे मोठ्या प्रेमाने लिहिलेली असतात. गवत आणणाऱ्याला बहुधा त्याच्या कामाच्या नावानेच ओळखले जाते. पुढे १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९५८ साली आपल्या नागपुरात निघाले. तोवर घोड्यांचे दिवस सरत आले होते. १८६२ साली वर्धा जिल्हा झाला, १८६६ साली पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसले, पाठोपाठ रेल्वे आली. घोडा आता फौजेचा राहिला नाही. तो स्टेशनाबाहेर सवारीची वाट पाहत उभा राहिला. पुढे स्टेशनावरून सेवाग्रामला जाणारी कितीतरी थोर माणसे टांग्यात बसून गेली. त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत.

सेवाग्रामचे नाव निघालेच आहे, तर अंथरुणाच्या पुनर्जन्माची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती वर्ध्यापर्यंत येते. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी गोठ्याच्या अंथरुणाचा अभ्यास केला. शेतातला सारा काडीकचरा बैलांच्या अंगाखाली पसरायचा. शेणमुताने तो भिजला की उचलून राख-मातीबरोबर खड्ड्यात घालायचा, आणि तीन वेळा परतला की सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत. १९३१ साली या दोघांचे पुस्तक निघाले. पऱ्हाटी फार टणक, ती अंथरुणाला चालेना. तेव्हा ती त्यांनी शेतरस्त्यावर पसरली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांकडून चिरडून घेतली. किती साधी युक्ती! गांधीजी तेव्हा वर्ध्यास होते. १९३५ साली त्यांनी ‘हरिजन’मध्ये या पद्धतीची माहिती छापली. आमच्या जिल्ह्यात पऱ्हाटीचे डोंगर आणि गवळाऊ जनावरांचे कोठे, दोन्ही होते. गुरांच्या अंगाखालचे कुजके गवत ही घाण नव्हे, ती संपत्ती आहे, हा विचार येथे रुजला. मात्र घाण उचलणाऱ्याला आपण घाण समजत आलो, तो विचार गवताबरोबर कुजला नाही. तो अजून उकरावा लागतो.

येथवर आम्ही जनावरांविषयी बोललो. आता एक प्रश्न विचारतो, त्याचा राग मानू नका. पागेतल्या घोडीला कोरा गव्हांडा मिळत होता, तेव्हा आमच्या घरातल्या बाळंतिणीला काय मिळत होते? घरातली सर्वांत काळोखी खोली, सर्वांत जुनी गोधडी, सर्वांत फाटके लुगडे. विटाळ मानलेला, पुढे टाकून द्यायचे म्हणून टाकाऊ तेच द्यायचे. सुईणीच्या हाती घरातले कोणतेही पाते. घोड्याच्या लिदीत आणि गुरांच्या शेणात धनुर्वाताचे बीज असते. ते नाळेवाटे किती कोवळ्या जिवांत शिरले असेल याची गणती नाही. बाळंतपणातला आणि नवजात बाळांचा धनुर्वात आपल्या देशातून हटल्याचे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडले. चाचांच्या पडवीत जे ज्ञान होते ते माजघरात शिरायला इतकी वर्षे लागली.

आणि कारखान्यात? आम्ही या कामात नवखे होतो तेव्हाची हकीकत आहे. एका जिनिंगमध्ये हंगाम ऐन भरात होता. रात्रपाळीला एका बाईला कळा सुरू झाल्या. गाडी मिळेपर्यंत रुईच्या ढिगाआड, तागाच्या बारदानावर ती बाळंत झाली. भोवती बायांनी पदराचा आडोसा केला होता. दोघेही जगले, हे दैव. दुसऱ्या दिवशी आम्ही बाळंतपणाचा हक्क मागायला गेलो तेव्हा कळले की तिचे नाव हजेरीपटात नाही. ती ठेकेदाराच्या चिठ्ठीवर होती, आणि चिठ्ठीवर नुसता आकडा होता : बाया इतक्या.

घोडे येथेच पेंड खाते. कायदा नव्हता असे नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी प्रसूतीच्या भत्त्याची बाजू मांडली, १९२९ साली तो कायदा झाला. आणि आमच्या मध्यप्रांतानेही १९३० साली आपला कायदा केला. १९६१ साली साऱ्या देशाचा झाला. हक्कासाठी आधी १६० दिवस काम भरलेले असावे लागे. १९८८ साली ती अट ८० दिवसांवर आली. जिनिंगचा हंगाम काही महिन्यांचाच, तरी ८० दिवस त्यात भरतात. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या. इतके सारे असून त्या बाईला मिळाले बारदान. दिवस भरले होते. ते भरल्याची नोंद नव्हती. आम्हांला दोन हंगाम भांडावे लागले. शेवटी बायांची नावे पटावर चढली, आणि आवारात एक खोली, एक खाट आणि स्वच्छ चादर आली. त्या खोलीकडे पाहताना आम्हांला चाचांची पडवी आठवली.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. अंथरुणाची निगा म्हणजे अंथरूण घालणाऱ्याची निगा. कौटिल्याने स्थानपालाला यादीत घेतले आणि त्याचा रोज कापला. अबुल फझलने खाकरोबाला शेवटी का होईना जागा दिली. महाराजांनी गवताच्या काडीचा हिशेब ठेवला आणि त्याचे कारण सांगितले. जेथे जेथे या माणसाची गणना झाली तेथे जनावर सुखाने व्याले. जेथे तो नुसता आकडा झाला तेथे ओले अंथरूण तसेच राहिले, मग ते तबेल्यात असो की कारखान्यात. इतिहासकारांना आमची विनंती आहे की घोड्याच्या नावाबरोबर मोतद्दाराचे नाव कोठे सापडले तर ते गाळू नये. आणि तुम्हां नागरिकांना विनंती आहे की तुमच्या घरी, दुकानात, इस्पितळात जो माणूस चादर बदलतो आणि फरशी पुसतो त्याचे नाव कोणत्या तरी वहीत आहे की नाही, ते एकदा पाहावे.

हे सांगण्याचा आमचा अधिकार किती, तेही सांगून टाकतो. या व्याख्यानाची तयारी करताना आम्ही चाचांविषयी लिहायला बसलो आणि लेखणी अडली. ते शिंगरू काळसर होते आणि त्याच्या कपाळावर पांढरा टिळा होता, हे आठवले. गव्हांड्याचा वास आठवला. फेकलेला भारा आठवला. चाचांचे नाव मात्र आठवेना, कारण आम्ही ते कधी विचारलेच नव्हते. जन्मभर हजेरीपटावर नावे चढवण्यासाठी भांडणाऱ्या माणसाची ही गत. त्यांच्या वस्तीतली दोन-तीन जुनी घरे अजून आहेत. व्याख्यानमाला आटोपली की तेथे जाऊन विचारणार आहोत.